ग्रिफिथ पार्कचा शाप : आख्यायिका, कागदपत्रे आणि २९ माणसे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : लॉस एंजेलिस शहरातील ग्रिफिथ पार्क हे डोंगराळ उद्यान एका मुलीच्या शापामुळे झपाटलेले आहे असे सांगितले जाते, त्यात तथ्य किती, तिथे रात्री ऐकू येणारे आवाज कशाचे, आणि संध्याकाळनंतर तिथे जाण्यात काही धोका आहे का? लोककथांच्या संकलनात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि या उद्यानाच्या कथा मी सांगणाऱ्यांच्या तोंडून, छापील पुस्तकांतून आणि जमिनीच्या इतिहासातून अशा तिन्ही वाटांनी तपासल्या आहेत. त्यामुळे उत्तर लांबेल. शाप कोणी उच्चारल्याचा पुरावा नाही, परंतु ज्या अन्यायाभोवती ही कथा गुंफली गेली तो खरा होता. आणि या डोंगरावर जी सर्वांत भीषण घटना घडली, म्हणजे १९३३ ची आग, तिच्यातल्या एकाही मृताचे नाव घेऊन सांगितलेली भूतकथा मला आजवर भेटलेली नाही. माझ्या दृष्टीने या संपूर्ण विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

आधी कथा पाहू. सांता मोनिका पर्वतरांगेच्या पूर्व टोकाला असलेली ही जमीन स्पॅनिश काळात ‘रांचो लोस फेलीस’ या नावाने ओळखली जाई. १७८१ साली लॉस एंजेलिसची वसाहत वसली, तेव्हा वसाहतकऱ्यांसोबत आलेल्या शिपायांपैकी होसे विसेंते फेलीस याला पुढे ही जमीन मिळाली आणि ती त्याच्या घराण्यात राहिली. १८६३ साली घराण्यातील अविवाहित मालक आंतोनियो फेलीस देवीच्या साथीत वारला. कथा सांगते, की त्याच्या घरात पेत्रानिया नावाची सतरा वर्षांची, अंध, नात्यातली मुलगी होती. काही पाठांत ती त्याची भाची आहे, काहींत पुतणी. साथीच्या भीतीने तिला दूर पाठवण्यात आले. त्याच सुमारास आंतोनियो कोरोनेल हा शहरातील वजनदार गृहस्थ एका वकिलाला घेऊन मरणशय्येजवळ पोहोचला. इच्छापत्र वाचून दाखवले गेले आणि बोलण्याची शक्ती उरली नसलेल्या फेलीसने मान हलवून संमती दिली. मात्र त्याच्या डोक्यामागे काठी बांधलेली होती आणि मान दुसरेच कोणीतरी हलवत होते. सारी जमीन कोरोनेलला गेली. परत आलेल्या पेत्रानियाने सर्वांसमोर शाप दिला, की या जमिनीवर कोणाचेही भले होणार नाही, ओक वृक्ष वाळतील, गुरे मरतील, आग आणि पूर या टेकड्या खाऊन टाकतील. काही पाठांनुसार शाप संपताच तिने प्राण सोडला. पांढऱ्या वस्त्रांत घोड्यावरून फिरणारी जी स्त्री आज उद्यानात दिसते असे म्हणतात, ती हीच.

मराठी वाचकाला हे ऐकताच ‘तळतळाट’ हा शब्द आठवेल आणि तो ‘शाप’ या शब्दापेक्षा इथे अधिक नेमका आहे. शापाला तपाचे किंवा सिद्धीचे बळ लागते. तळतळाटाला फक्त लुबाडलेल्या माणसाचा जीव तुटणे पुरते. पेत्रानियाजवळ दुसरे काहीच नाही. तिला दृष्टी नाही, पाठीशी पुरुष नाही, हाती कागद नाही, आणि म्हणूनच तिच्या शब्दाला कथेत इतके वजन येते.

आता ही कथा आली कुठून, ते पाहावे लागेल. कोणतीही आख्यायिका हाती आली, की ती पहिल्यांदा कोणी सांगितली आणि घटनेनंतर किती काळाने सांगितली हे मी आधी शोधतो. या कथेचा प्रसिद्ध पाठ होरेस बेल या लॉस एंजेलिसमधील वकील-लेखकाच्या आठवणींतून आलेला आहे. बेल १९१८ साली वारला आणि त्या आठवणींचे पुस्तक १९३० साली, म्हणजे फेलीसच्या मृत्यूनंतर सदुसष्ट वर्षांनी छापून निघाले. बेल हा रसाळ निवेदक होता आणि रंग भरल्याशिवाय त्याला गोष्ट सांगता येत नसे. डोक्यामागच्या काठीचा तपशील तर लोककथा-अभ्यासकाला लगेच ओळखू येतो, कारण मृताकडून किंवा मृतप्राय माणसाकडून खोटे इच्छापत्र करून घेणे हे दूरवर फिरणारे कथाबीज आहे. आयर्लंडमध्ये डॅनिएल ओकॉनेल या विख्यात वकिलाविषयी अशीच गोष्ट सांगतात : साक्षीदार पुन्हापुन्हा शपथेवर म्हणतो, की सही होताना ‘त्याच्यात जीव होता’, आणि उलटतपासणीत उघड होते, की प्रेताच्या तोंडात जिवंत माशी ठेवलेली होती. काठी काय किंवा माशी काय, दोन्हींचे काम एकच : कायद्याची अक्षरे पाळून न्यायाचा गळा घोटणे.

कोरोनेलविषयी कागदपत्रे निराळेच बोलतात. तो १८५३-५४ मध्ये लॉस एंजेलिसचा महापौर होता, १८६७ ते १८७१ या काळात कॅलिफोर्निया राज्याचा खजिनदार होता, आणि १८९४ साली, वयाची पंचाहत्तरी ओलांडल्यानंतर, मानमरातबासह वारला. ज्याच्यावर शापाचा पहिला घाव पडायला हवा होता, त्याचे आयुष्य असे गेले. त्याच्यानंतरच्या मालकांपैकी जेम्स लिक हाही वृद्धापकाळी आणि अफाट संपत्तीनिशी वारला. त्याच्या पैशातून माउंट हॅमिल्टनवर वेधशाळा उभी राहिली आणि तिथल्या मोठ्या दुर्बिणीखालीच त्याचे दफन झाले. जाता जाता एक नोंद करावीशी वाटते : या एकाच जमिनीच्या दोन मालकांनी, लिकने आणि ज्याच्याकडे पुढे येणार आहोत त्या ग्रिफिथने, वेधशाळांसाठी पैसा ठेवला. शापाच्या यादीत ही गोष्ट कोणी सांगत नाही, पण मला ती कोणत्याही भुतापेक्षा विलक्षण वाटते.

तरीही ‘सारे खोटे आहे’ असे म्हणून मी थांबणार नाही, कारण शापातील एकेक कलम त्या काळाच्या इतिहासात जसेच्या तसे सापडते. १८६१-६२ च्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियात महापूर आला. त्यापाठोपाठ १८६२ ते १८६४ असा भीषण दुष्काळ पडला आणि दक्षिण कॅलिफोर्नियातील गुरांचे कळपच्या कळप चाऱ्यावाचून मेले. देवीची साथ याच वर्षांतली. आणि या सर्वांवर कडी म्हणजे १८५१ चा भूमी कायदा. मेक्सिकोकडून अमेरिकेकडे प्रदेश गेल्यानंतर जुन्या स्पॅनिश-मेक्सिकन जमीनमालकांना आपली मालकी आयोगापुढे सिद्ध करावी लागली. खटले वर्षानुवर्षे चालले, वकिलांची देणी जमिनीतून फेडली गेली, आणि ज्यांना अखेर पट्टा मिळाला त्यांतील कित्येकांच्या हाती तोवर जमीन उरली नव्हती. लोस फेलीसचा दावा १८५२ साली दाखल झाला आणि मारिया इग्नासिया वेर्दूगो या फेलीस घराण्यातील स्त्रीच्या नावाने पट्टा निघाला तो १८७१ साली, म्हणजे एकोणीस वर्षांनी. क्षेत्र होते ६,६४७ एकर. तोवर आंतोनियो फेलीसला जाऊनच आठ वर्षे झाली होती.

गुरे मरणे, झाडे वाळणे, पूर येणे आणि जमीन परक्यांकडे जाणे हे एका घराण्याचे दुर्दैव नव्हते; ते एका सबंध समाजावर एका दशकात कोसळले. इतके मोठे नुकसान आकड्यांत लक्षात राहत नाही. त्याला एक घर लागते, एक मरणशय्या लागते, एक लबाड पाहुणा आणि एक निराधार मुलगी लागते. पेत्रानियाने शाप दिला की नाही हा माझ्या मते दुय्यम प्रश्न आहे. त्या पिढीतल्या हजारो कुटुंबांना जे म्हणायचे होते ते तिच्या तोंडी घातले गेले आहे.

पुढचा टप्पा ग्रिफिथ जेनकिन्स ग्रिफिथ याचा. वेल्समध्ये १८५० साली जन्मलेला हा गृहस्थ खाणउद्योगात श्रीमंत झाला आणि १८८२ साली त्याने लोस फेलीसचा मोठा भाग विकत घेतला. दोनच वर्षांत, १८८३-८४ च्या पर्जन्यकाळात, लॉस एंजेलिसमध्ये ३८ इंचांहून अधिक पाऊस झाला, जो शहराच्या नोंदींतील आजवरचा उच्चांक आहे. टेकड्यांवरून लोट आले आणि जमिनीची मोठी हानी झाली. तेव्हा रात्री पुराच्या लाटांवर स्वार झालेले आंतोनियो फेलीसचे भूत चाकरांना दिसले, असे कथा म्हणते. इथे ग्रिफिथने शहामृगपालनाचा उद्योगही करून पाहिला आणि त्या व्यवहारातून दुखावलेल्या एका माणसाने १८९१ साली त्याच्यावर बंदूक झाडून नंतर स्वतःला संपवले. ग्रिफिथ वाचला.

डिसेंबर १८९६ मध्ये त्याने ३,०१५ एकर जमीन शहराला उद्यानासाठी दान केली. कथेनुसार हे दान भीतीपोटी होते. मालकाला भर दुपारखेरीज त्या जमिनीवर पाऊल ठेवण्याचे धैर्य उरले नव्हते. समकालीन टीकाकार करांच्या ओझ्याकडे बोट दाखवत. ग्रिफिथ स्वतः म्हणे, की सामान्य कष्टकरी माणसाला विसाव्याची मोकळी जागा हवी. मला त्याचे स्वतःचे म्हणणे बऱ्याच अंशी पटते, कारण त्याने पुढेही त्याच हेतूने पैसा दिला. पण त्याचे चरित्र इथे संपत नाही. सप्टेंबर १९०३ मध्ये सांता मोनिकातील एका हॉटेलात दारूच्या आणि संशयाच्या अमलाखाली त्याने पत्नीवर गोळी झाडली. ती खिडकीतून उडी टाकून बचावली, मात्र तिचा एक डोळा गेला. त्याला सान क्वेंटिनच्या तुरुंगात दोन वर्षांची शिक्षा झाली. १९१२ साली त्याने वेधशाळेसाठी एक लाख डॉलर देऊ केले, तेव्हा अशा माणसाचा पैसा घ्यावा का यावर वाद पेटला आणि देणगी अडकली. १९१९ साली तो वारल्यानंतर इच्छापत्रातील निधीतून ग्रीक थिएटर हे खुले नाट्यगृह आणि १४ मे १९३५ रोजी खुली झालेली ग्रिफिथ वेधशाळा उभी राहिली.

शापकथेत या प्रसंगातला सर्वांत घृणास्पद भाग सैल होतो, याची मला नेहमी चीड येते. ‘शापामुळे त्याची मती फिरली’ असे म्हटले, की गोळी झाडणारा माणूस सुटतो आणि दोष एका अंध मुलीच्या माथी जातो. क्रिस्टीना ग्रिफिथने जे भोगले त्याचे कारण तिच्या नवऱ्यात होते. न्यायालयात बचाव पक्षाने मद्यजन्य वेडाचा आधार घेतला होता; आख्यायिका तेच काम शापाकडून करवून घेते.

बी रॉक या कड्याजवळची मेजवानीची कथाही याच मालिकेतली. उद्यान मिळाल्याच्या आनंदात शहरातील प्रतिष्ठित मंडळी तिथे जमली, मध्यरात्री टेबलाच्या टोकाशी आंतोनियो फेलीस प्रकट झाला आणि त्याने सर्वांना नरकातील भोजनाचे आमंत्रण दिले. दिवे विझले, घोडे उधळले. हाही बेलच्याच परंपरेतला प्रसंग आहे. तो रचणाऱ्याला नगरपित्यांविषयी काय वाटत होते ते त्यातून स्वच्छ दिसते. त्यापलीकडे त्यात शोधण्यासारखे फारसे नाही.

उद्यानाच्या पश्चिमेला माउंट ली या डोंगरावरील हॉलीवूडच्या अक्षरांशी पेग एन्टविसल या नटीची कथा जोडलेली आहे. ती १९०८ साली वेल्समध्ये जन्मली. ग्रिफिथही त्याच ग्लॅमॉर्गन परगण्यातला. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर तिने नाव मिळवले होते आणि पुढे विख्यात चित्रपट-अभिनेत्री झालेल्या बेटी डेव्हिसने तिचे काम पाहून अभिनेत्री व्हायचे ठरवले, असे डेव्हिस स्वतः सांगत असे. सप्टेंबर १९३२ मध्ये, चोवीस वर्षांची असताना, पेगने त्या अक्षरांपाशी आपले आयुष्य संपवले. तेव्हा ती अक्षरे तेरा होती, ‘हॉलीवूडलँड’ अशी. १९२३ साली घरबांधणीच्या भूखंडांची जाहिरात म्हणून उभारलेली. डोंगर उद्यानाचा भागही नव्हता. आज लोक सांगतात, की धुक्यात गोऱ्या केसांची स्त्री दिसते आणि अनंताच्या फुलांचा वास येतो. दुसऱ्याच दिवशी तिच्या नावे एका मोठ्या भूमिकेचे पत्र आले, असेही सांगतात. या पत्राला मला कोठेही आधार सापडला नाही, आणि ‘आणखी एक दिवस थांबली असती तर’ हा चटका देण्यासाठीच ते कथेत आले असावे. कोण्या खरोखर जगलेल्या माणसाच्या दुःखाचे असे सजवलेले रूप पुन्हापुन्हा सांगताना सांगणाऱ्याने जपावे, असे मला मनापासून वाटते. ती अयशस्वी नटी म्हणून स्मरणात राहिली, आणि तिचे रंगभूमीवरचे काम मागे पडले.

आता २९ क्रमांकाच्या सहलीच्या टेबलाकडे येतो, कारण बहुतेक तरुण वाचक त्याचीच चौकशी करतात. कथा अशी : १९७६ च्या हॅलोवीनच्या, म्हणजे पाश्चात्त्यांच्या भुताखेतांच्या सणाच्या, रात्री एक प्रेमी युगुल त्या टेबलावर असताना झाड कोसळून दोघेही ठार झाले, आणि तेव्हापासून पडलेले झाड हलवण्याचा प्रयत्न करणाऱ्यांना भयंकर अनुभव येतात. झाड टेबलावर पडलेले होते, हे खरे. बाकीचे सारे एका स्थानिक लेखकाने हॅलोवीनसाठी २००६ साली रचले आणि नंतर तसे स्वतःच मान्य केले. तरी कथा थांबली नाही. कबुली कथेइतकी वेगाने पसरत नाही, हे मी इतरत्रही पाहिले आहे. पण इथे एका कथेचा जन्मदिवस, जनक आणि प्रसार हे तिन्ही हाती लागतात, आणि ही संधी संकलकाला क्वचित मिळते.

आणि इथेच २९ हा आकडा मला अस्वस्थ करतो. ३ ऑक्टोबर १९३३ रोजी याच उद्यानात, मिनरल वेल्स दरीच्या परिसरात आग लागली. महामंदीचे दिवस होते. सरकारी मदतकामावर त्या दिवशी तीन हजारांहून अधिक बेकार माणसे तासाला चाळीस सेंट मजुरीवर झुडपे तोडण्यास आणि रस्ते करण्यास लावली होती. आग दिसताच त्यांना फावडी घेऊन दरीत उतरवण्यात आले. त्यांना आगीशी झुंजण्याचे शिक्षण नव्हते, सोबत पाणी नव्हते, आणि कोणाचे ऐकायचे याचाही मेळ नव्हता. दुपारी वारा फिरला. ज्वाळा दरीतून वर धावल्या आणि सैल मातीच्या उभ्या चढणीवरून पळणारी माणसे त्यांत सापडली. जळालेले क्षेत्र अवघे ४७ एकर होते. अधिकृत नोंदीनुसार मृत्यू २९. कामगार रोजंदारीचे आणि हजेरीपट विस्कळीत असल्यामुळे हा आकडाही वादग्रस्त राहिला.

उद्यानाच्या भूतकथा सांगणारे या आगीचा उल्लेख ‘शाप खरा ठरला’ एवढ्यापुरता करतात. त्या २९ जणांपैकी कोणी कोणाला दिसत नाही. बी रॉकवर जमीनदार दिसतो, डोंगरावर नटी दिसते, टेबलापाशी कधीच न जगलेले युगुल दिसते. चाळीस सेंटांसाठी दरीत उतरलेला मजूर मात्र दिसत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात याच उद्यानात अटक केलेल्या जपानी वंशाच्या लोकांना छावणीत कोंडले होते. १९४६ ते १९५४ या काळात युद्धावरून परतलेल्या सैनिकांची शेकडो कुटुंबे पत्र्याच्या अर्धगोल झोपड्यांत इथेच राहिली. त्यांच्याही कथा मला भेटल्या नाहीत. भूत होण्यासाठीसुद्धा आधी कोणीतरी नावाने ओळखावे लागते, आणि रोजंदारीच्या माणसाला ते भाग्य लाभले नाही.

रात्री ऐकू येणाऱ्या आवाजांविषयी आपण विचारले आहे, म्हणून तेही सांगतो. या टेकड्यांत कोयोटी, म्हणजे कोल्ह्यासारखे छोटे रानकुत्रे, भरपूर आहेत. त्यांच्या आवाजाची पट्टी इतक्या झपाट्याने बदलते आणि दरीच्या भिंतींवर इतकी घुमते, की दोन प्राणी ओरडले तरी आठ-दहांचा आक्रोश वाटतो. गव्हाणी घुबड पांढरे असते, निःशब्द उडते आणि किंचाळल्यासारखे ओरडते. चांदण्यात ते झुडपांवरून सरकले, तर पांढऱ्या वस्त्रातील स्त्री पाहिल्याचे कोणी शपथेवर सांगितले तरी मी त्याला खोटारडा म्हणणार नाही. २०१२ ते २०२२ या काळात तर ‘पी-२२’ या नावाने ओळखला जाणारा पहाडी सिंह दोन अतिव्यस्त महामार्ग ओलांडून येऊन या उद्यानात एकटाच राहिला. दहा वर्षे लाखो माणसांच्या शेजारी राहूनही तो बहुतेकांना फक्त स्वयंचलित कॅमेऱ्यांतच दिसला. १९१२ साली सुरू होऊन १९६६ साली बंद झालेल्या जुन्या प्राणीसंग्रहालयाचे दगडी गुहांसारखे पिंजरे अजून उभे आहेत, आणि रिकाम्या पिंजऱ्यात शिरणारा वारा जो आवाज करतो तो, आधी कथा ऐकून गेलेल्या माणसाला, वाऱ्याचा वाटत नाही.

जाण्यात धोका आहे का, याचे उत्तर : दिवसा अवश्य जा. पायवाटा आणि डोंगरी रस्ते सूर्यास्ताला बंद होतात, तो नियम पाळा, कारण तिथे कडे ठिसूळ आहेत, उन्हाळ्यात खुळखुळ्या साप निघतात आणि कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत आगीचा धोका आजही तितकाच आहे. मे २००७ मधील आगीत ८०० एकरांहून अधिक जंगल जळाले. क्रिस्टल स्प्रिंग्जजवळ फेलीस घराण्याशी जोडले जाणारे जुने मातीच्या विटांचे घर आहे, ते पाहा. आणि घोडेस्वार, पहारेकरी किंवा नेहमी फिरायला येणारे वृद्ध यांच्यापैकी कोणी भुताची गोष्ट सांगू लागले, तर मध्ये न तोडता ती पूर्ण ऐका आणि मग एकच विचारा : ‘हे आपल्याला पहिल्यांदा कोणी सांगितले?’ मिळालेले उत्तर तारखेसह लिहून ठेवा. त्यातच एखाद्याने आजोबांकडून ऐकलेली १९३३ च्या त्या दुपारची आठवण सांगितली, तर मला जरूर कळवा. मी ती अनेक वर्षे शोधत आहे.